पिकअपचे ब्रेक आणि एबीएस

जयपूरहून अजमेर, सीकर किंवा दिल्लीकडे जाणाऱ्या रस्त्यावर थोडा वेळ उभे राहा. एकामागून एक पिकअप जाताना दिसतील. पहाटे भाजी भरून मुहाना मंडीत आलेली गाडी दुपारी रिकामी परत जाते. गाडी तीच, चालक तोच. पण ब्रेकच्या दृष्टीने या दोन वेगळ्या गाड्या आहेत. लष्करातही पिकअपचा उपयोग होतो. २०२३ मध्ये उत्तर कमांडला टोयोटा हायलक्स पिकअप मिळाल्या. म्हणून पिकअपचे ब्रेक आणि त्यांतील एबीएस यांचा अभ्यास आपल्याला उपयोगी पडेल.

चाक जाम झाले की काय होते?

फिरणाऱ्या चाकाला रस्त्यावर पकड असते. ब्रेक जोरात दाबल्यावर चाकाचा वेग गाडीच्या वेगापेक्षा थोडा कमी होतो. हा फरक साधारण १० ते २० टक्के असताना पक्क्या रस्त्यावर पकड सर्वांत जास्त मिळते. त्यापुढे चाक जाम होते आणि टायर नुसता घासत जातो. पकड कमी होते, आणि घासणारे चाक दिशाही देत नाही. पुढची चाके जाम झाली तर स्टिअरिंग फिरवूनही गाडी सरळच जाते. मागची जाम झाली तर गाडीची शेपूट फिरते आणि गाडी आडवी होते.

पिकअपची खास अडचण

एक उदाहरण सोडवू. रिकाम्या पिकअपचे वजन १७०० किलो धरा. त्यांपैकी १०२० किलो पुढच्या आणि ६८० किलो मागच्या आसावर आहे. दोन आसांतील अंतर ३ मीटर आणि गुरुत्वमध्याची उंची ०.७ मीटर धरा. गुरुत्वत्वरणाच्या ०.७ पट जोराने ब्रेक लागला, तर पुढे सरकणारा भार असा येतो:

१७०० × ०.७ × ०.७ ÷ ३ = सुमारे २७८ किलो

म्हणजे ब्रेक लागत असताना मागच्या चाकांवर फक्त ४०० किलो उरतात. आता त्याच गाडीच्या हौद्यात १३०० किलो माल भरा. यातला बहुतेक भार मागच्या आसावर येतो, आणि ब्रेक लागतानाही तिथे हजार किलोंहून जास्त भार राहतो. भरलेल्या गाडीला योग्य असा मागचा ब्रेक रिकाम्या गाडीत लगेच चाक जाम करतो. रिकाम्या गाडीला योग्य ठेवला, तर भरलेल्या गाडीला तो अपुरा पडतो.

यावर जुना उपाय म्हणजे भारानुसार चालणारा व्हॉल्व्ह. मागचे पाटे किती दबले आहेत त्यावरून तो मागच्या ब्रेकचा दाब कमी-जास्त करतो. पण रस्ता ओला आहे की कोरडा, हे त्याला कळत नाही. ते काम एबीएस करते.

एबीएसचे काम

चाकाजवळचा सेन्सर चाकाचा वेग मोजतो. एखादे चाक एकदम मंदावले, तर ते जाम होणार हे संगणक ओळखतो. मग व्हॉल्व्ह त्या चाकाच्या ब्रेकचा दाब रोखतो, सोडतो आणि पुन्हा वाढवतो. एका सेकंदात हे अनेक वेळा घडते. त्यामुळेच पायाखाली पेडल थरथरते. ही थरथर म्हणजे बिघाड नव्हे. अनेक चालक घाबरून तेव्हाच पाय उचलतात आणि अंतर वाढवून बसतात.

अमेरिकेत फोर्डने १९८७ च्या पिकअपमध्ये फक्त मागच्या चाकांसाठी एबीएस दिले. कारण वरच्या गणितातच आहे: रिकाम्या पिकअपचे दुखणे मागच्या चाकांत असते. त्याने शेपूट फिरणे आटोक्यात आले, पण पुढची चाके जाम होऊ शकत होती. स्टिअरिंग हाती राहायचे तर चारही चाकांना एबीएस लागते.

एबीएस काय देत नाही?

एबीएस पकड निर्माण करत नाही. असलेली पकड वाया जाऊ देत नाही, एवढेच. चालकाला सावध व्हायला १ सेकंद लागतो असे धरून हिशोब करा. घर्षण कोरड्या रस्त्यावर ०.७ आणि ओल्यावर ०.४ घेतले, तर थांबण्याचे एकूण अंतर असे:

६० किमी वेगाने: कोरड्यावर ३७ मीटर, ओल्यावर ५२ मीटर.
८० किमी वेगाने: कोरड्यावर ५८ मीटर, ओल्यावर ८५ मीटर.

सगळी पकड पूर्ण वापरली तरच ही अंतरे मिळतात. ओल्या रस्त्यावर ६० ऐवजी ८० ने गेल्यास ३३ मीटर जास्त लागतात. ते कोणतेही यंत्र भरून देत नाही.

राजस्थानात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सुट्या वाळूत जाम झालेले चाक आपल्यापुढे वाळूचा ढीग लोटते आणि तो ढीगच गाडी अडवतो. एबीएस चाक फिरते ठेवते, म्हणून वाळूत किंवा खडीवर गाडी उलट जास्त लांब जाऊन थांबू शकते. दिशा मात्र हातात राहते. पहिल्या पावसात धूळ आणि तेल मिसळून रस्ता निसरडा होतो. तिथे एबीएसचा खरा फायदा दिसतो.

अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा खात्याने २००९ मध्ये अनेक वर्षांच्या अपघातांचा अभ्यास मांडला. पिकअप, व्हॅन आणि तत्सम गाड्यांचे जीवितहानी न झालेले अपघात एबीएसमुळे सुमारे ८ टक्के कमी झाले होते. मोटारींचे ६ टक्के. पण जीवघेण्या अपघातांच्या एकूण संख्येवर जवळजवळ काहीच परिणाम दिसला नाही. म्हणून एबीएस आहे या भरवशावर वेग वाढवणे चूक आहे.

हौद्यात माणसे बसवण्याविषयीही हेच लागू आहे. जत्रेला किंवा लग्नाला जाताना असे सर्रास होते. गाडी सरळ रेषेत थांबली तरी हौद्यातल्या माणसाला पट्टा नसतो. तो पुढे आपटतो किंवा बाहेर फेकला जातो. मालगाडीत माल न्यावा, माणसे नेऊ नयेत.

लक्षात ठेवा

१. आणीबाणीत पेडल पूर्ण दाबा, थरथरले तरी दाबून ठेवा आणि अडथळा चुकवत स्टिअरिंग वळवा.
२. एबीएसचा दिवा चावी फिरवल्यावर लागून विझला पाहिजे. तो लागलेलाच राहिला, तर साधे ब्रेक चालतील, पण एबीएस चालेलच असे नाही.
३. टायर गुळगुळीत असतील तर एबीएसही हतबल आहे.
४. प्रत्येक पिकअपमध्ये एबीएस असेलच असे धरू नका; आहे की नाही, आणि मागच्याच चाकांना की चारही, हे पाहून घ्या.

स्वाध्याय: वरच्या उदाहरणातील रिकामी गाडी ओल्या रस्त्यावर ०.४ पट जोराने थांबत असेल, तर मागच्या चाकांवर किती किलो भार उरेल? कोरड्या रस्त्यापेक्षा तो जास्त का येतो, आणि तरीही मागची चाके लवकर जाम का होतात, हे चार ओळींत लिहा.