होंग शाओ रौ: एका पातेल्याचा हिशेब

सोया सॉस, साखर आणि तांदळाच्या दारूत मंद आचेवर लालसर होईपर्यंत शिजवलेलं डुकराचं मटण म्हणजे होंग शाओ रौ. आपल्या चायनीज गाड्यांवर ते मिळत नाही. म्हणून घरी करायचं ठरवलेला माणूस आधी आयात मालाच्या दुकानात शिरतो आणि तिथेच खिसा रिकामा करून येतो. खरं तर बाटल्यांवर फार खर्च करायची गरज नाही. पैसे टाकायचे ते मटणात.

हे मटण एके काळी मात्र अगदी स्वस्त होतं. सू दोंगपो हा चीनच्या सोंग राजवटीतला कवी आणि सरकारी अधिकारी. १०८० साली हद्दपार होऊन तो ह्वांगचौला आला, तेव्हा तिथे डुकराचं मटण मातीमोल होतं. श्रीमंत ते खात नाहीत आणि गरिबांना नीट शिजवता येत नाही, असं त्याने लिहून ठेवलंय. पाणी थोडं, आच मंद, घाई नको, हा त्याचा सल्ला. डुकराच्या मटणाचा हांगचौचा पदार्थ, दोंगपो रौ, त्याच्याच नावाने ओळखला जातो.

मटण पोटाचंच हवं, कातडीसकट. चरबी आणि मांसाचे थर एकाआड एक दिसतात, म्हणून चिनी लोक त्याला ‘पाच फुलांचं मांस’ म्हणतात. आपल्याकडे दुकानात नुसतं ‘बेली’ म्हटलं की कळतं. मात्र पाकीटबंद बेलीची कातडी बरेचदा काढलेली असते, आणि कातडीशिवाय रस्सा चिकटसर होत नाही. आदल्या दिवशी सांगून ठेवा आणि फासळ्या काढून मगच वजन करायला लावा. गोठवलेला माल घेतलात तर सुटलेल्या पाण्याचेही पैसे मोजता. भाव शहरागणिक बदलतो. मी किलोला ५५० रुपये धरलेत, तुमच्या दुकानातला आकडा घालून हिशेब पुन्हा मांडा.

बाकीचं बहुतेक आपल्या वाण्याकडेच मिळतं. चिनी कृतीत लागणारी ‘बिंग तांग’ म्हणजे आपली खडीसाखर. प्रसादाच्या पुडीतली उरली असेल तर तीही चालते. ३५ ग्रॅमचे ५ रुपये. दोन चक्रीफुलं आणि दालचिनीचा तुकडा, ७ रुपये. आलं आणि पातीचा कांदा, २५. डार्क सोया सॉस तीन मोठे चमचे, म्हणजे १५-१६ रुपये. चीनमध्ये रंगाचा सोया वेगळा आणि चवीचा वेगळा. आपल्याकडच्या बाटलीत मीठ बरंच असतं, म्हणून वरून मीठ घालण्याआधी चाखा.

अडतं ते दारूपाशी. शाओशिंगची चिकट तांदळाची दारू महाग पडते, आणि ‘कुकिंग वाइन’ म्हणून विकतात तिच्यात मीठ घातलेलं असतं. गोव्यातली गोड पोर्ट वापरली तर १०० मिलिलिटरचे ५० रुपयांच्या आसपास होतात. मग खडीसाखर निम्मी करा. चव शाओशिंगची येत नाही, पण वाईटही लागत नाही. दारू नकोच असेल तर आलं वाढवा.

गॅसची धास्ती नको. दीड तास मंद आचेला शंभरेक ग्रॅम गॅस जातो, धरा १० रुपये. किलोभर मटणासह सगळं मिळून चौघांना ६६५, भाताचे २० वेगळे. पहिल्या खेपेला मात्र पूर्ण बाटल्या आणि पुड्या घ्याव्या लागतात, तेव्हा अकराशेच्या आसपास जातात.

कातडीवर केस दिसले तर आधी ती तापल्या तव्यावर दाबून भाजा. मग थंड पाण्यात आल्यासोबत मटण घालून उकळी आणा, मळी काढा, पाणी फेका आणि दीड इंची तुकडे करा. चमचाभर तेलात खडीसाखर मंद आचेवर विरघळवा. मधाच्या रंगावर आली की लगेच मटण घाला. क्षणभर उशीर झाला तर कडवट होते आणि ५५० रुपयांचा माल तिच्याबरोबर जातो. दारू, सोया, मसाले आणि तुकडे बुडतील इतकं गरम पाणी घालून झाकण ठेवा. शेवटी झाकण काढून मोठ्या आचेवर रस्सा आटवा. कुकरमध्ये वीसेक मिनिटांत मटण शिजतं, पण रस्सा पातळ राहतो आणि आटवणं काही टळत नाही.

पाहुणे वाढले तर मटण वाढवू नका. सहा अंडी उकडून, सोलून, शेवटच्या अर्ध्या तासात रश्शात सोडा. चिनी घरांतही हेच करतात. पन्नासेक रुपयांत आणखी दोघं जेवतात. उरलं तर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी वर गोठलेली चरबी खरवडून बरणीत भरून ठेवा. कोबी परतायला तेल लागत नाही.