शैक्षणिक वन आणि शांतीचे अध्ययन : ग्रामीण महाविद्यालयापुढील एक कार्य



ग्रामीण महाविद्यालयाजवळ बहुधा दोन गोष्टी असतात. एक, इमारतीमागची थोडीफार पडीक जमीन. आणि दुसरी, आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून एस.टी.ने येणारी मुलेमुली. या दोन गोष्टी एकत्र आल्या की शैक्षणिक वन उभे राहू शकते. परंतु त्या वनाच्या जोडीला शांती अध्ययन केंद्रही असावे असे म्हटले की लगेच प्रश्न येतो. झाडांचा विषय वनस्पतिशास्त्राचा आणि शांतीचा विषय राज्यशास्त्राचा. मग या दोहोंचा संबंध काय? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

१. आपल्या जिल्ह्याचा वारसा

हा विचार कोल्हापूर जिल्ह्याला नवा नाही. आजरा तालुक्यातील बहिरेवाडी येथे १९०७ साली जन्मलेले शिक्षणतज्ज्ञ डॉ. जे. पी. नाईक यांनी स्वातंत्र्याच्या सुमारास भुदरगड तालुक्यात, वेदगंगेच्या खोऱ्यातील गारगोटी येथे मौनी विद्यापीठाची उभारणी केली. पाटगावच्या मौनी महाराजांचे नाव या संस्थेला दिले गेले. खेड्यातील मुलाला शिक्षणासाठी खेडे सोडावे लागू नये आणि त्याच्या शिक्षणाचा खेड्याला उपयोग व्हावा, ही त्यामागची दृष्टी होती. १९५६ साली केंद्र शासनाच्या योजनेनुसार देशात ज्या मोजक्या ग्रामीण उच्चशिक्षण संस्था निघाल्या, त्यांत गारगोटीचा समावेश होता. पुढे हेच नाईक कोठारी आयोगाचे (१९६४-६६) सदस्य-सचिव झाले.

दुसरे उदाहरण मराठवाड्यातील आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथे महाविद्यालय सुरू केले. पुढे त्या महाविद्यालयाला मिलिंद हे नाव आणि त्याच्या परिसराला नागसेनवन हे नाव मिळाले. प्रश्न विचारणारा राजा मिलिंद आणि उत्तर देणारा भिक्खू नागसेन. महाविद्यालयाला प्रश्नकर्त्याचे नाव आणि वनाला उत्तरदात्याचे नाव, यात फार मोठा अर्थ आहे. संवाद सुरू होण्यापूर्वी नागसेनाने राजाला एक अट घातली होती. बोलायचे तर पंडितांसारखे बोलू, राजांसारखे नव्हे. कारण पंडिताचे म्हणणे खोडले गेले तरी तो रागावत नाही, राजा मात्र विरोध करणाऱ्याला शिक्षा करतो. शांती अध्ययनाचा पहिला पाठ यापेक्षा वेगळा कोणता असणार?

२. वन काय शिकविते?

आपल्याकडे वृक्षारोपण दरवर्षी होते. पावसाळ्यात पाहुणे येतात, छायाचित्र निघते, आणि पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यात पुन्हा रोप लावले जाते. हा विनोद आता इतका जुना झाला आहे की त्याचे हसूही येत नाही. दोष रोपाचा नाही. लावणारा आणि जगविणारा यांचे नाते तुटलेले असते, हा खरा दोष आहे.

शैक्षणिक वन म्हणजे बाग नव्हे. आपल्या मातीतील हिरडा, जांभूळ, ऐन, किंजळ, उंबर, करवंद यांना तेथे जागा हवी. लवकर वाढते म्हणून केवळ ग्लिरिसिडिया किंवा ऑस्ट्रेलियन बाभूळ लावली तर हिरवे दिसेल, पण पाखरू बसणार नाही. पाटगाव आज ‘मधाचे गाव’ म्हणून ओळखले जाते. मध येतो तो फुलोऱ्यातून, आणि फुलोरा येतो तो नाना जातींच्या झाडांतून. राधानगरीचे अभयारण्य २०१२ साली पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात समाविष्ट झाले, तेही याच विविधतेमुळे.

आपल्या डोंगरातील कारवी सुमारे सात वर्षांतून एकदाच फुलते. पदवीचा विद्यार्थी मात्र तीन-चार वर्षांत बाहेर पडतो. म्हणजे बहुतेकांनी ज्या कारवीची निगा राखली, तिचे फूल पुढच्या तुकडीने पाहावयाचे असते. यासाठी प्रत्येक वनाची एक नोंदवही असावी. कोणते झाड कोणी लावले, केव्हा पालवी आली, कोणता पक्षी दिसला, हे लिहून ती वही पुढच्या वर्गाच्या हाती द्यावी. आपण ज्याचे फळ पाहणार नाही त्यासाठी कष्ट करणे, हा संस्कार पुस्तकातून होत नाही.

३. शांती म्हणजे काय?

शांती म्हणजे भांडण नसणे, अशी आपली साधी समजूत असते. नॉर्वेचे अभ्यासक योहान गाल्टुंग यांनी १९५९ साली ऑस्लो येथे शांती संशोधनाची संस्था सुरू केली. त्यांनी असा विचार मांडला की, उघड मारामारी थांबली म्हणजे केवळ अर्धी शांती झाली. समाजाच्या रचनेमुळेच कोणी उपाशी, अशिक्षित किंवा अपमानित राहत असेल, तर तीही हिंसाच होय. ती दूर होते तेव्हा शांती पुरी होते. ज्या समाजाला पाणवठ्यापासून दूर ठेवले गेले, त्याला हा विचार समजावून सांगावा लागत नाही. गावात भांडण नव्हते. म्हणून शांतता होती काय?

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण म्हणून रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा सांगितला आहे. शाक्य आणि कोलीय यांच्यात पाण्यावरून संघर्ष झाला. शाक्यांचा संघ युद्धाला निघाला, तेव्हा सिद्धार्थाने विरोध केला. दोन्ही बाजूंनी दोन-दोन माणसे निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि पाचांनी तंटा सोडवावा, असा त्याने मार्ग सुचविला. म्हणजे शांतीचा प्रश्न तेथेही पाण्याच्या वाटपाचा प्रश्न होता. सम्राट अशोकाच्या शिलालेखांतही हाच धागा आहे. कलिंगाच्या युद्धाचा पश्चात्ताप ज्याने दगडावर कोरविला, त्यानेच रस्त्याकडेला वड लावल्याचे, विहिरी खोदल्याचे आणि वने विनाकारण जाळू नयेत असे कोरून ठेवले.

४. कुंपणाचा प्रसंग

आता अभ्यासासाठी एक प्रसंग कल्पू. एका महाविद्यालयाने गायरानाच्या कडेला वन लावले आणि काटेरी तारेचे कुंपण घातले. महिन्याभरात तार रात्री तोडली गेली. काही रोपे शेळ्यांनी खाल्ली. सरपणाची मोळी घेऊन जाणारी एक बाई पकडली गेली. कोणी म्हणाले, पोलिसांत द्या. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी उठून म्हणाला, “सर, ती आमच्या वस्तीतली मावशी आहे. कुंपणामुळे आमची पाण्याची वाट बंद झालीय.”

या क्षणी वनाचा वर्ग संपतो आणि शांतीचा वर्ग सुरू होतो. गायरान हा भूमिहीनांचा शेवटचा आधार असतो. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४-६५ साली भूमिहीनांचे जे सत्याग्रह झाले, त्यांत लाखो लोक तुरुंगात गेले ते कसण्याच्या जमिनीसाठीच. ज्याच्याकडे सात-बारा नाही, त्याची शेळी आणि त्याचे सरपण याच जागेवर अवलंबून असते. त्याला बाहेर ठेवून उभे केलेले वन कितीही दाट झाले तरी ते शांतीचे वन नव्हे. उलट, शेळ्या मोकळ्या सोडल्या तर रोप जगणार नाही, हेही तितकेच खरे. दोन्ही बाजूंना सत्य आहे. म्हणूनच हा प्रश्न शिक्षेने सुटत नाही, बोलून सोडवावा लागतो.

बोलण्यातून निघू शकणारे मार्ग साधे आहेत. पाण्याची वाट मोकळी ठेवावी. पहिली काही वर्षे चराई बंद, पण विळ्याने कापलेले गवत वस्तीने न्यावे. वाळलेल्या फांद्यांवर सरपणाचा हक्क लेखी मान्य करावा. वन समितीत वस्तीतील स्त्रिया असाव्यात, आणि त्या केवळ सहीपुरत्या नसाव्यात.

५. केंद्राने काय करावे?

सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरण शिक्षण सक्तीचे करण्याचा निर्देश दिला. आज तो विषय आहे, पण पुष्कळदा तो एकमेकांच्या वहीतून उतरविलेल्या प्रकल्पापुरता राहतो. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार गावोगावी लोकजैवविविधता नोंदवही ठेवावयाची असते. विद्यार्थ्यांनी वैदू, गुराखी, म्हाताऱ्या आजी यांच्याकडे बसून ती लिहावी. जोडीला गावातील तंट्यांचाही अभ्यास करावा : बांधाचा, पाणंदीचा, पाण्याचा. कोण बोलते, कोणाला बोलू दिले जात नाही, याची नोंद घ्यावी. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी कोल्हापूरला पुष्कळ शिकविले आहे. पूर सर्वांच्या दारात येतो, पण पुन्हा उभे राहण्याची ताकद सर्वांकडे सारखी नसते.

वनाला मोठी इमारत लागत नाही, आणि शांती केंद्रालाही नाही. एक नोंदवही, एक उंबराची सावली आणि त्या सावलीत कोणालाही बसता येईल असा नियम, एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. यांतील तिसरी गोष्ट सर्वांत कठीण आहे. ती साधली तर बाकीचे वन आपोआप वाढेल.

स्वाध्याय

१. तुमच्या गावातील गायरानाचा उपयोग आज कोण करते? पूर्वी कोण करीत होते? वडीलधाऱ्यांना विचारून लिहा.
२. वरील प्रसंगातील प्राचार्य, मोळीवाली बाई आणि विद्यार्थी यांच्या बाजू वर्गात मांडा. आपल्या नेहमीच्या मताविरुद्धची बाजू घ्या.
३. ‘भांडण नसणे’ आणि ‘शांती असणे’ यांतील फरक स्वतःच्या पाहण्यातील एका उदाहरणाने स्पष्ट करा.