तांबडी धूळ आणि अनामत रक्कम

भाड्याची कॅरव्हॅन मोटारीमागे जोडून न्यू साऊथ वेल्सच्या पश्चिम टोकापर्यंत जाऊन येण्याचा बेत सिडनीतील आपल्या मराठी मंडळींत हल्ली वारंवार होऊ लागला आहे, आणि परत आलेला प्रत्येक जण तेथील आकाशाचे, ताऱ्यांचे व सूर्यास्तांचे यथास्थित वर्णन करतो. करारनाम्याविषयी मात्र कोणी अवाक्षर काढत नाही. ते मला काढावे लागत आहे, कारण त्या निर्जल मुलखाने मला कसलाही त्रास दिला नाही, जो दिला तो सिडनीच्या उपनगरातील एका कचेरीने, आणि त्याचा दाह अद्याप शमलेला नाही.

मार्ग नेहमीचाच: डबो, निंगन, कोबार, विल्कॅनिया, तेथून उत्तरेस वळून व्हाइट क्लिफ्स, आणि शेवटी ब्रोकन हिल. या प्रवासात आम्ही डांबरी रस्ता सोडला नाही, हे मी प्रारंभीच निक्षून सांगतो. विल्कॅनियापासून व्हाइट क्लिफ्सपर्यंतचा सुमारे 95 किलोमीटरचा फाटाही डांबरीच आहे; ओपलच्या खाणींच्या त्या गावात, जेथे माणसे उन्हाळ्याच्या भयाने जमिनीखाली घरे कोरून राहतात, गल्ल्या व मुक्कामाची जागा मातीच्या आहेत हे खरे, परंतु मान्यताप्राप्त तळापर्यंतच्या कच्च्या वाटेस करारनाम्यानेच मुभा दिलेली होती. ते कलम मी निघण्यापूर्वी दोनदा वाचले होते.

आता धुळीविषयी. कोबार ते विल्कॅनिया हे अंतर अडीचशे किलोमीटरांहून अधिक असून मध्ये गाव म्हणावे असे काही नाही. रानटी शेळ्यांचे कळप, एमू, आणि समोरून येणाऱ्या रोड ट्रेन. तीन-तीन डब्यांची अशी एखादी मालमोटार पन्नास मीटरांहून लांब असू शकते, आणि तिची चाके कडेच्या मातीवर जरा उतरली की पाठीमागून येणाऱ्याला काही क्षण तांबडे ढगच दिसतात. धावत्या कॅरव्हॅनच्या आत हवेचा दाब किंचित कमी होतो, त्यामुळे दाराच्या फटींतून आणि शीतकपाटाच्या झरोक्यांतून ही धूळ आत ओढली जाते. हे तेथील कोणत्याही पेट्रोलपंपावरचा पोऱ्या सांगेल. कॅरव्हॅन भाड्याने देण्याचा धंदा करणाऱ्यास ते ठाऊक नसावे, यावर माझा विश्वास नाही.

ब्रोकन हिलला 1887 साली उंटवाल्यांनी बांधलेली एक छोटी मशीद आहे. 1866 मध्ये जे उंट मोठ्या संख्येने या देशात आले ते कराचीच्या बंदरातून, म्हणजे त्या काळच्या आपल्या मुंबई इलाख्यातूनच, आणि पुढे त्यांच्या पाठीवरूनच या मुलखातील लोकर व रसद वाहिली गेली. धूळ त्यांच्याही अंगावर बसली असेलच. तिच्यापायी कोणाची अनामत जप्त झाल्याचे मी तरी वाचलेले नाही.

कॅरव्हॅन परत करण्याच्या दिवशी एक तरुण हातात छापील तक्ता घेऊन आला. त्याने टायर पाहिले नाहीत, छत पाहिले नाही, मागची पेटी उघडली नाही; सरळ दाराच्या रबरी पट्टीत बोट घातले, ते तांबडे झालेले बोट माझ्या डोळ्यांपुढे धरले आणि अत्यंत प्रसन्न चेहऱ्याने विचारले, "कच्च्या रस्त्याने गेला होतात ना?" मी पेट्रोलच्या पावत्या पुढे केल्या, मार्ग सांगितला, कॅरव्हॅनमध्ये तुमचेच स्थानदर्शक यंत्र बसवलेले आहे त्याची नोंद काढून पाहा, असेही सुचवले. यंत्र केवळ चोरीच्या प्रसंगासाठी असते, असे उत्तर मिळाले. तेवढ्यात माझी दृष्टी त्या तक्त्यावर गेली. "कच्च्या रस्त्यावरील वापर" हे शब्द त्यावर हाताने लिहिलेले नव्हते, छापलेले होते, आणि त्यांच्यासमोर आकारावयाची रक्कमही छापलेलीच होती. त्या तरुणाला केवळ चौकटीत एक खूण करावयाची होती. माझ्यामागे उभी असलेली पत्नी हळूच म्हणाली, "अहो, हा निकाल आपण सिडनी सोडण्यापूर्वीच लिहून ठेवलेला दिसतो." तत्क्षणी मला उमगले, की ही चौकशी नव्हे, वसुली आहे, पश्चिमेकडे गेलेली प्रत्येक कॅरव्हॅन तांबडी होऊनच परतणार, हे गृहीत धरून या उत्पन्नाची तजवीज केलेली आहे. अडीच हजार डॉलरांच्या अनामतीतून निम्म्याहून अधिक रक्कम त्याने हसतमुखाने कापली, आणि शिवाय स्वच्छतेचा आकार निराळा.

सबब, जाणाऱ्यांनी एवढे अवश्य करावे. ताबा घेताना कॅरव्हॅनचा पंचनामा स्वतः करावा: छत, तळ, दाराच्या पट्ट्या व काचा यांची चित्रफीत, आणि तीत कचेरीचा माणूस बोलताना ऐकू आला तर उत्तमच. डांबरी रस्ता सोडण्याविषयीचे कलम काय म्हणते, हे तोंडी न विचारता पत्राने विचारावे. स्थानदर्शक यंत्राची नोंद वाद झाल्यास आम्हांस मिळेल काय, हाही प्रश्न लेखीच. छत, तळ व पाण्याने होणारे नुकसान बहुधा विम्यातून वगळलेले असते, तेही पाहून ठेवावे. जोडाच्या गोळ्यावर कॅरव्हॅनच्या एकूण वजनाच्या सुमारे दहा टक्के भार असावा. सामान सारे मागे भराल तर महामार्गावर शेपूट हलू लागेल. तिन्हीसांजेनंतर कांगारू रस्त्यावर येतात, तेव्हा मुक्काम दिवसाउजेडी गाठावा. पाणी भरपूर न्यावे, घाई करू नये, वगैरे सर्वांना ठाऊक आहेच. एक गोष्ट मात्र बहुतेकांना ठाऊक नसते: ब्रोकन हिलची घड्याळे सिडनीहून अर्धा तास मागे चालतात. आमचे शीतकपाट गॅसवर पेटेनासे झाले तेव्हा तेथे दुपारचे चार चाळीस झाले होते, आणि पाचला बंद होणारी कचेरी दहा मिनिटांपूर्वीच निर्धास्तपणे बंद झालेली होती.

तंटा झाल्यास दूरध्वनीवर शब्द खर्च करू नयेत. प्रथम लेखी मागणी, मग न्यू साऊथ वेल्सच्या फेअर ट्रेडिंग खात्याकडे तक्रार, जिला शुल्क पडत नाही, आणि तेथेही दाद न लागल्यास एन-कॅट न्यायाधिकरणापुढे अर्ज, असा क्रम आहे. 9 नोव्हेंबर 2023 पासून ग्राहकांशी करावयाच्या छापील करारांत अन्याय्य शर्त घालणे हे दंडास पात्र ठरले आहे, ही गोष्ट पत्रात नमूद करावी. माझ्या अनुभवाने सांगतो, त्या वाक्यानंतर उत्तराचा सूर बदलतो. मला कापलेल्या रकमेपैकी मोठा भाग "सद्भावनेपोटी" म्हणून परत आला. मी सद्भावना मागितली नव्हती, माझे पैसे मागितले होते. स्वच्छतेचा आकार अजून त्यांच्याकडेच आहे, आणि त्यासाठीचा अर्ज मी न्यायाधिकरणाकडे दाखल केला आहे.