गोळी आणि बाळंतपण

चि. सायलीस,


पाचवा महिना लागताच नैराश्यावरची सर्ट्रालिनची गोळी तू आपल्या मनाने बंद केलीस, असं ताईकडून कळलं. कुणीतरी सांगितलं की असल्या गोळ्यांनी पोटातल्या बाळाला व्यंग येतं, आणि तू पाकीट कपाटात ठेवून दिलंस. बाळाच्या काळजीपोटी केलंस, हे मला पुरतं कळतं. तरी उद्या सकाळी तुझ्या मानसोपचारतज्ज्ञांना फोन कर आणि बाळंतपणाच्या डॉक्टरीणबाईंच्याही कानावर घाल. गोळी पुन्हा किती मात्रेने सुरू करायची ते तेच ठरवतील, माझ्या पत्रावरून काही ठरवू नकोस. सध्या चक्कर येते, चिडचिड होते म्हणालीस ना, ती गोळी एकदम तोडल्यानेही होते. तेही त्यांना सांग.

व्यंगाची भीती अगदी हवेतली नाही. व्हॅल्प्रोएट नावाचं औषध फिट्ससाठी आणि बायपोलर आजारात देतात. ते गरोदरपणात घेतलं तर शंभरातल्या दहाएक बाळांना जन्मजात दोष राहतो. एरवी हे प्रमाण दोन-तीन असतं. पुढे बुद्धीच्या वाढीवरही परिणाम दिसतो. म्हणून मूल होण्याच्या वयातल्या बाईला ते शक्यतो देऊच नये, असं आम्ही डॉक्टर मानतो. पण लोक मनाच्या सगळ्या गोळ्यांना एकाच माळेत ओवतात. तुझी गोळी निराळी. गरोदर बायकांमध्ये ज्यांचा भरपूर अभ्यास झाला आहे अशांपैकी ती एक, आणि मोठ्या पाहण्यांमध्ये व्यंगाचं प्रमाण तिच्यामुळे लक्षणीय वाढलेलं दिसलेलं नाही. शिवाय बाळाचे अवयव घडतात ते मुख्यतः पहिल्या तीन महिन्यांत, आणि तो काळ तुझा सरला आहे.

धोका मुळीच नाही असं मात्र मी म्हणणार नाही. शेवटच्या महिन्यांत गोळी चालू असली तर काही बाळं जन्मल्यावर चारदोन दिवस किरकिरी असतात, त्यांचे हातपाय थरथरतात, मग ती आपोआप शांत होतात. फुप्फुसांच्या रक्ताभिसरणाचा एक गंभीर त्रास आहे. तो हजारात दोन बाळांना एरवीही होतो, या गोळ्यांसोबत तीनेक बाळांना. म्हणूनच बालरोगतज्ज्ञांना आधी सांगून ठेवायचं.

आता दुसरी बाजू, जी तुला कुणी सांगितली नसणार. आजाराचाही बाळावर परिणाम होतो. तुझं मागचं आजारपण आठव: जेवण तुटलेलं, रात्र रात्र जाग, आंघोळीलाही उठवत नव्हतं. तशा अवस्थेत पोट कसं पोसणार? उपचार न झालेल्या नैराश्यात बाळ वेळेआधी आणि कमी वजनाचं जन्मण्याची शक्यता वाढते. अमेरिकेतला 201 गर्भवतींचा एक अभ्यास 2006 साली प्रसिद्ध झाला. सगळ्यांना पूर्वी नैराश्य येऊन गेलेलं, औषधाने त्या सावरलेल्या. औषध थांबवणाऱ्यांपैकी 68 टक्क्यांचा आजार गरोदरपणातच उलटला. चालू ठेवणाऱ्यांत हे प्रमाण 26 टक्के होतं. सौम्य आजार असलेल्या कितीतरी जणी समुपदेशनावर छान निभावून गेलेल्या मी पाहिल्या आहेत. तुझा आजार सौम्य नव्हता, सायली. म्हणून मी इतक्या कळकळीने लिहिते आहे. पुढे डॉक्टर मात्रा थोडी वाढवू म्हणाले तरी घाबरू नकोस. गरोदरपणात अंगातलं रक्त वाढतं, त्यामुळे तीच गोळी कधीकधी अपुरी पडते.

अंगावर पाजण्याबद्दलही कुणीतरी बोलेलच. सर्ट्रालिन दुधात फारच थोडं उतरतं. एवढ्यासाठी बाळाचं दूध तोडायचं कारण नाही.

बाळंतपणानंतरची आखणी आत्ताच करू. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी उगाच रडू येईल. ते पुष्कळ जणींना येतं आणि दोन आठवड्यांत ओसरतं. त्याहून लांबलं, बाळाकडे पाहून काहीच वाटेनासं झालं किंवा जीव नकोसा वाटला, तर लगेच बोलायचं. म्हापशाच्या सरकारी रुग्णालयातल्या बाळंतिणींचा एक अभ्यास 2002 साली आला. सहा आठवड्यांनी त्यांच्यातल्या जवळपास चौघींत एकीला नैराश्य होतं. मुलगी झाली म्हणून, नवऱ्याच्या मारहाणीमुळे, घरच्या उपासमारीमुळे ते अधिक होतं. या दुःखावर नुसती गोळी पुरत नाही, हे मी मान्य करते. थायरॉइड आणि हिमोग्लोबिनही तपासून घ्यायचं. बाळंतपणानंतर थायरॉइड बिघडलं तर चित्र नैराश्यासारखंच दिसतं.

आपल्याकडचा सव्वा महिना मला आवडतो. शेक, मालिश, डिंकाचे लाडू, माहेरची माणसं, सगळं खुशाल कर. पण रात्री सलग चार-पाच तास झोप मिळालीच पाहिजे. एका वेळचं दूध काढून ठेव, दुसऱ्या कुणी पाजावं. सासूबाईंना दृष्ट काढायची असेल तर काढू दे, डॉक्टरांची तारीख मात्र चुकवायची नाही.

पुढचं तुझ्या नवऱ्याला, निनादला, वाचून दाखव. बाळंतीण झोपेवाचून भलतीच तरतरीत दिसू लागली, असंबद्ध बोलू लागली, घरच्यांवर संशय घेऊ लागली, तर जुनी माणसं त्याला बाळंतवात म्हणत. हजारात एक-दोघींना होतो, बहुधा पहिल्या पंधरवड्यात. त्यात वाट पाहायची नसते. तिला आणि बाळाला एकटं सोडायचं नाही, त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. दाखल केलं म्हणजे बाळ हिरावतात, ही भीतीही काढून टाका. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार तीन वर्षांखालचं मूल उपचार घेणाऱ्या आईपासून सहसा वेगळं करायचं नाही. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये तर 2009 पासून आई आणि बाळ एकत्र राहतील असा वेगळा विभाग आहे. अडीअडचणीला टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा नंबर कधीही लागतो. तो फ्रिजवर चिकटवून ठेवा.

उद्या डॉक्टरांशी बोलणं झालं की मला कळव. ताईला सांग, पहिले पंधरा दिवस रात्री बाळ माझ्याकडे.

तुझी,
मावशी