रस्त्यावरचा उत्सव आणि शेजारधर्म : नॉटिंग हिलचा धडा

आम्ही बँकेत काउंटरवर काम करतो. दिवसाकाठी शंभर-सव्वाशे माणसे काचेपलीकडून आमच्याशी बोलतात. त्यांत सर्व जातींचे, सर्व धर्मांचे, चार-पाच भाषा बोलणारे लोक असतात. सही जुळते का, शिल्लक किती, स्लिप बरोबर भरली का, एवढेच बोलणे होते. वीस वर्षांच्या नोकरीत अशा किती गाठीभेटी झाल्या याची गणती नाही. परंतु त्यांतून एकमेकांच्या घरी जाणेयेणे सुरू झाले, असे प्रसंग हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच आहेत. तेव्हा माणसे एकमेकांच्या नजरेस पडली म्हणजे ती आपोआप जवळ येतात, हा समज आमच्यापुरता तरी खोटा ठरला आहे.

हा विषय मांडण्याचे कारण असे की, एप्रिल जवळ आला की आपल्या संस्थेत दरवर्षी एकच वाद होतो. जयंतीचा कार्यक्रम सभागृहात घ्यावा की मैदानावर? मैदानावर घेतला तर आजूबाजूच्या वस्त्यांतील इतर समाजांचे लोक येतील काय? आणि आले तरी त्यातून काय साधणार? दोन्ही बाजूंचे सभासद तळमळीने बोलतात, आणि शेवटी वेळ संपली म्हणून विषय पुढच्या वर्षावर जातो. या प्रश्नाकडे थोडे दूर जाऊन, एका परक्या शहराच्या अनुभवातून पाहावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

१. भेट केव्हा उपयोगी पडते?

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ साली पूर्वग्रहाच्या स्वरूपावर एक ग्रंथ लिहिला. भिन्न वंशांचे लोक केवळ जवळजवळ राहिल्याने किंवा वरवर भेटल्याने पूर्वग्रह जात नाहीत, कधी कधी ते वाढतातही, असे त्यांनी दाखवून दिले. भेटीचा उपयोग व्हायचा असेल तर त्यांच्या मते चार गोष्टी हव्यात : दोन्ही बाजूंना समान दर्जा, दोघांचे एकच उद्दिष्ट, ते गाठण्यासाठी परस्पर सहकार्य, आणि कायदा, शासन वा समाजातील मान्यवर संस्थांचा पाठिंबा. पुढे २००६ साली थॉमस पेटिग्रू व लिंडा ट्रॉप या संशोधकांनी पाचशेहून अधिक अभ्यास एकत्र तपासले. गटागटांतील संपर्काने पूर्वग्रह सर्वसाधारणपणे कमी होतो, आणि ऑलपोर्ट यांच्या अटी पाळल्या गेल्यास तो अधिक कमी होतो, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

आमच्या काउंटरवर यांपैकी किती अटी पुऱ्या होतात, हे वाचकांनीच पाहावे. आता याच चार कसोट्या घेऊन आपण लंडनला जाऊ.

२. दंगलीचा ऑगस्ट

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनला कामगारांची टंचाई भासू लागली. २२ जून १९४८ रोजी 'एम्पायर विंडरश' हे जहाज कॅरिबियन बेटांवरील शेकडो प्रवासी घेऊन टिलबरी बंदरात आले. त्यानंतरच्या काळात जमैका, त्रिनिदाद, बार्बाडोस येथून हजारो लोक आले. बस, रेल्वे, रुग्णालये यांना त्यांचे श्रम हवे होते. पण घर भाड्याने द्यायला कोणी तयार नसे. कृष्णवर्णीयांना खोली मिळणार नाही, अशा पाट्या उघड लावल्या जात. पश्चिम लंडनमधील नॉटिंग हिल हा त्या वेळी पडक्या, दाटीवाटीच्या घरांचा भाग होता. तेथे गरीब गोरे आणि नवे आलेले कॅरिबियन लोक एकाच गल्लीत राहत आणि एकाच घरमालकाच्या अवाजवी भाड्याखाली पिचत. शेजार होता, शेजारधर्म नव्हता. गोऱ्यांच्या हलाखीला काळे जबाबदार आहेत, असे सांगणारे राजकीय गटही तेथे सभा घेत होते.

१९५८ च्या ऑगस्टअखेर ठिणगी पडली. गोऱ्या तरुणांच्या टोळ्या लोखंडी कांबी व बाटल्या घेऊन कॅरिबियन लोकांच्या घरांवर चालून गेल्या. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दंगल चालली. नऊ गोऱ्या तरुणांना प्रत्येकी चार वर्षांची शिक्षा झाली. पुढच्याच वर्षी, मे १९५९ मध्ये, केल्सो कॉक्रेन या अँटिग्वाहून आलेल्या सुताराचा त्याच भागात रस्त्यावर खून झाला. त्याच्या अंत्ययात्रेला बाराशेहून अधिक लोक आले, आणि त्यांत गोरेही होते.

३. एक स्मरणिका आणि तिच्या विक्रीचे पैसे

क्लॉडिया जोन्स यांचा जन्म त्रिनिदादमधला, १९१५ चा. बालपणापासून त्या न्यूयॉर्कमध्ये वाढल्या. कम्युनिस्ट म्हणून अमेरिकेने त्यांना तुरुंगात टाकले आणि १९५५ साली देशाबाहेर काढले. लंडनमध्ये येऊन १९५८ साली त्यांनी 'वेस्ट इंडियन गॅझेट' हे वृत्तपत्र सुरू केले. दंगलीनंतर त्यांनी निषेधसभा घेतल्याच. पण तेवढ्यावर न थांबता आपल्या बेटावरचा कार्निव्हल लंडनमध्ये करायचे ठरवले.

कार्निव्हल हा शब्द गोव्यामुळे आपल्याला परिचित आहे. त्रिनिदादमध्ये मात्र त्याला एक वेगळा अर्थ आहे. तेथे फ्रेंच मळेवाले मुखवटे घालून मेजवान्या करीत. गुलामांना त्यात स्थान नव्हते. गुलामगिरी संपल्यावर मुक्त झालेल्या लोकांनी तोच सण रस्त्यावर आणला. १८८१ साली पोलिसांनी त्यांच्या मशाल मिरवणुकीला अटकाव केला, तेव्हा लोक पोलिसांशी झुंजले. म्हणजे हा नुसता नाचगाण्याचा सण नव्हे. रस्ता आमचाही आहे, हे सांगण्याची ती रीत होय.

३० जानेवारी १९५९ रोजी सेंट पँक्रस टाऊन हॉलमध्ये हा पहिला कार्निव्हल झाला. भर हिवाळा असल्याने तो सभागृहात घ्यावा लागला. बीबीसीने तो दूरदर्शनवरून दाखवला. त्या प्रसंगी आपल्या या अंकासारखीच एक स्मरणिका काढण्यात आली होती. तिच्या विक्रीतील काही रक्कम दंगलीच्या खटल्यांत दंड झालेल्या तरुणांचा दंड भरण्यासाठी दिली जाईल, असे तीत छापले होते; आणि हे तरुण काळे व गोरे असे दोन्ही होते.

विद्यार्थी मित्रांनी या ठिकाणी क्षणभर थांबावे. ज्यांच्या दारांवर बाटल्या फेकल्या गेल्या, त्यांनीच समोरच्या बाजूच्या पोरांच्या दंडाला हातभार लावण्याचे ठरवले. आम्ही जमा-नावेच्या नोंदी करण्यात आयुष्य घालवले आहे. पण अशी नोंद आमच्या पाहण्यात दुसरी नाही. हिचा अर्थ अन्याय विसरणे असा मुळीच नव्हे. क्लॉडिया जोन्स अखेरपर्यंत वर्णद्वेषी कायद्यांशी लढत राहिल्या. डिसेंबर १९६४ मध्ये त्यांचे निधन झाले. लढा आणि मैत्री या दोन गोष्टी एकाच हाताने करता येतात, एवढेच ही नोंद सांगते.

४. सभागृहातून रस्त्यावर

१९६५ साली ब्रिटनमध्ये वंशसंबंधांचा पहिला कायदा झाला. सार्वजनिक ठिकाणी वंशावरून भेदभाव करणे त्याने बेकायदेशीर ठरवले. घर आणि नोकरी यांना हे संरक्षण मिळायला १९६८ उजाडावे लागले. कायद्याने दार उघडले, पण आत पाऊल कोणी टाकायचे?

ते पाऊल १९६६ साली पडले. रोन लॅस्लेट या नॉटिंग हिलमध्ये राहणाऱ्या समाजसेविका. अमेरिकेतील मूळ रहिवासी आणि रशियन असा त्यांचा मिश्र वारसा होता. वस्तीतल्या मुलांसाठी त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक जत्रा भरवली. आयरिश, युक्रेनियन, स्पॅनिश, पोर्तुगीज, आफ्रिकन, कॅरिबियन, जे जे तेथे राहत होते त्या साऱ्यांना तीत वाटा होता. रसेल हेंडरसन या त्रिनिदादी कलावंताला साथीदारांसह वाजवायला बोलावले होते. तेलाच्या पिंपांपासून बनवलेले स्टील पॅन हे त्यांचे वाद्य. एका जागी उभे राहून वाजवता वाजवता त्यांनी ते गळ्यात अडकवले आणि सरळ रस्त्याने चालू लागले. घराघरांतून माणसे बाहेर आली आणि मागे चालू लागली. ज्या भागात आठ वर्षांपूर्वी कृष्णवर्णीय माणूस रात्री एकटा फिरायला भीत होता, तेथेच हे घडले. आज जगभर माहीत असलेला नॉटिंग हिल कार्निव्हल तो हाच.

५. तडा गेला, पण तुटले नाही

पुढची कहाणी सरळ नाही, आणि ती झाकून ठेवणे अभ्यासकाला शोभणारे नाही. उत्सव वाढला तसे पोलिसांशी संबंध बिघडत गेले. १९७६ साली सुमारे तीन हजार पोलिस रस्त्यावर उतरवले गेले. तरुणांना हा बंदोबस्त नव्हे, वेढा वाटला. मोठी दंगल झाली आणि शंभराहून अधिक पोलिसांना रुग्णालयात न्यावे लागले. उत्सव बंद करा, नाहीतर स्टेडियममध्ये न्या, अशी मागणी जोरात झाली. आयोजकांनी ती मानली नाही. कुंपणाच्या आत नेलेला उत्सव हा उत्सव राहील, पण रस्ता कोणाचा या प्रश्नाचे उत्तर पुन्हा जुनेच होईल, हे ते ओळखून होते.

आजही या उत्सवात अटका होतात, हिंसेच्या घटना घडतात, आणि काही दुकानदार व रहिवासी त्या दोन दिवसांपुरत्या खिडक्या फळ्यांनी बंद करतात. वर्णभेद ब्रिटनमधून गेलेला नाही. कोविडच्या साथीमुळे २०२० व २०२१ ही दोन वर्षे सोडली, तर ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी-सोमवारी लाखो माणसे त्या गल्ल्यांतून चालत आली आहेत.

या नात्याची कसोटी लागली २०१७ साली. १४ जूनच्या पहाटे त्याच परिसरातील ग्रेनफेल टॉवर या इमारतीला आग लागून ७२ माणसे मृत्यू पावली. मृतांत अनेक देशांतून आलेली कुटुंबे होती. त्या ऑगस्टमध्ये कार्निव्हलच्या दोन्ही दिवशी दुपारी तीन वाजता सारी वाद्ये थांबली आणि रस्ताभर लोक मौन उभे राहिले. सण साजरा करताना जमलेली माणसे दुःखातही एकत्र उभी राहतात, याहून वेगळा पुरावा कशाला हवा?

६. चार कसोट्यांचा हिशेब

ऑलपोर्ट यांच्या अटी आता पुन्हा लावून पाहू. समान दर्जा : १९६६ च्या जत्रेत कोणी यजमान आणि कोणी आश्रित नव्हते. समान उद्दिष्ट : वस्तीतली मुले. सहकार्य : पोशाख शिवणे, वाद्ये जुळवणे, रस्त्याची परवानगी काढणे ही कामे उत्सवाच्या दोन दिवसांत होत नाहीत, त्यासाठी महिनेन् महिने एकत्र बसावे लागते. शासनाचा पाठिंबा : ही अट जेव्हा मोडली, तेव्हाच १९७६ घडले.

आमच्या मते तिसऱ्या कसोटीत सारे मर्म आहे. उत्सवाच्या दिवशी माणसे एकमेकांना पाहतात. उत्सवाच्या तयारीत ती एकमेकांना ओळखतात.

७. आपल्यासाठी

सार्वजनिक जागेचे मोल आपल्याला परक्याने शिकवावे असे नाही. मुंबई विधिमंडळाने १९२३ साली बोले ठराव केला, महाड नगरपालिकेने १९२४ साली तळे खुले केले. पण ते कागदावर. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारोंसह चवदार तळ्यावर चालत गेले, तेव्हा तो हक्क पाण्यात उतरला. त्यानंतर लोकांवर हल्ला झाला आणि न्यायालयीन लढा १९३७ पर्यंत चालला. जात आणि वंश या एकच गोष्टी नव्हेत. परंतु कायदा, पाऊल आणि चिकाटी हा क्रम दोन्हीकडे सारखाच दिसतो.

सलोख्याचे उदाहरणही जवळच आहे. भिवंडीत १९७० व १९८४ साली भीषण दंगली झाल्या. १९८८ पासून पोलिस अधिकारी सुरेश खोपडे यांनी तेथे मोहल्ला समित्या उभ्या केल्या व हिंदू-मुस्लिम शेजाऱ्यांना नियमित एकत्र बसवले. डिसेंबर १९९२ नंतर मुंबई पेटली, तेव्हा भिवंडी शांत राहिली. तेथेही एका दिवसाच्या भाषणाने नव्हे, वर्षानुवर्षांच्या बैठकींनी काम केले.

म्हणून आमची सूचना अशी. कार्यक्रम मैदानावरच घ्यावा. परंतु शेजारच्या वस्त्यांतील मंडळींना व्यासपीठावर हार घालण्यासाठी बोलावू नये. फेब्रुवारीतल्या पहिल्या बैठकीला बोलावावे. मांडव, पाणी, मुलांच्या स्पर्धा, हिशेब या कामांत त्यांना जबाबदारी द्यावी. त्यांच्या कार्यक्रमाच्या वेळी आपणही सतरंज्या उचलायला जावे. पहिल्या वर्षी दोघेच येतील. दुसऱ्या वर्षीही बोलावावे. बाबासाहेबांचे विचार सौम्य करून सांगण्याची काहीच गरज नाही. क्लॉडिया जोन्स यांनी आपले विचार सौम्य केले नव्हते.

पाहुणा म्हणून बोलावणे सोपे असते. पाहुणा जेवून जातो. ज्याला कामाला बोलावतो तो राहतो.

विद्यार्थ्यांसाठी विचारार्थ प्रश्न
१. आपल्या वस्तीतील कोणत्या सार्वजनिक जागी सर्व समाजांचे लोक येतात? तेथे ते एकत्र काम करतात की फक्त शेजारून जातात?
२. कार्निव्हल स्टेडियममध्ये नेला असता तर काय मिळाले असते आणि काय गमावले असते?
३. गेल्या वर्षीच्या आपल्या कार्यक्रमाला ऑलपोर्ट यांच्या चार अटी लावून पाहा. कोणती अट पुरी झाली नाही?