वाळलेली पाने कापू नका

प्रश्न : माझ्याकडच्या स्टॅगहॉर्न नेच्याची बुडाशी चिकटलेली गोल पाने तपकिरी पडून वाळली आहेत. कापून टाकू का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : कृपया कात्री लावू नका! या नेच्याला (प्लॅटिसेरियम) दोन प्रकारची पाने येतात. शिंगांसारखी फाटे फुटलेली पाने बीजाणू धरतात. बुडाची ढालीसारखी पाने मात्र वाळूनही कामाची असतात. नेचे झाडाच्या सालीला घट्ट धरून ठेवणे, मुळे झाकणे, पालापाचोळा नि ओल साठवणे हे सगळे त्यांच्याकडेच. आपल्या सह्याद्रीतल्या बाशिंग नावाच्या नेच्याचीही बुडाची पाने अशीच तपकिरी होतात.

पान कोरडे, कागदासारखे लागले तर निर्धास्त राहा. काळे, मऊ, ओलसर लागले तर ती कूज आहे. पाणी लगेच थांबवा, वारा खेळेल अशा जागी हलवा. एरवी, नेचे फळीवर बांधलेले असेल तर फळीसकट दहा मिनिटे पाण्याच्या बादलीत बुडवा, निथळू द्या आणि पुन्हा पाणी द्यायचे ते फळीवरचे शेवाळ सुकत आल्यावरच. पानांवरची पांढुरकी लव धूळ समजून पुसू नका. तिच्यामुळे पानांतली ओल टिकते.