कळफलकाची जुळणी

‘क ख ग घ’ ही रांग आपण सर्वांनी पाटीवर गिरवली आहे. पण ती अशीच का, हा प्रश्न मला पडला तो बी. ए.च्या दुसऱ्या वर्षी, आणि तोही व्याकरणाच्या तासाला नव्हे, तर हाती चिमटा घेऊन संगणकाचा कळफलक जुळवताना! त्या अभ्यासाची ही हकीकत.

आमचे बाबा नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये, न्यायालयाच्या बाहेर बसून, लोकांचे अर्ज व प्रतिज्ञापत्रे टाइप करून देत. यंत्र गोदरेजचे. या कंपनीने १९५५ साली भारतीय बनावटीचे पहिले टंकलेखन यंत्र तयार केले होते. त्या यंत्रावर आमचे घर चालले आणि घरातून महाविद्यालयात आलेली मी पहिली. पुढे लोक संगणकाची प्रत मागू लागले व यंत्र कपाटावर गेले. मला मात्र लिपिक-टंकलेखकाच्या नोकरीसाठी मराठीत मिनिटाला ३० शब्दांचा वेग हवा आहे. म्हणून शिकवणीचे पैसे साठवून मी ६१ कळांच्या कळफलकाचे सुटे भाग मागवले. तयार कळफलक स्वस्त मिळाला असता, पण एखादी कळ बिघडली तर तेवढीच बदलता यावी, असा माझा हिशेब होता.

संचात पेटी, धातूची जाळी, सर्किट बोर्ड, स्विच आणि टोप्या असतात. प्रत्येक स्विचमध्ये एक दांडा, एक स्प्रिंग व धातूच्या दोन पट्ट्या असतात. कळ साधारण ४ मिलिमीटर खाली जाते, पण २ मिलिमीटरवरच पट्ट्या टेकतात व काम होते. टाइपरायटरसारखा ठोसा द्यावा लागत नाही. ६१ कळांना ६१ तारा लागत नाहीत. माझ्या बोर्डावर ५ आडव्या व १४ उभ्या, अशा १९ ओळींत सर्व कळा बसतात. कोणती आडवी ओळ कोणत्या उभ्या ओळीला जोडली गेली, हे बोर्डावरील चिप सतत तपासत असते. प्रत्येक कळीजवळ एक डायोड असतो. तो वीज उलट जाऊ देत नाही, म्हणून अनेक कळा एकदम दाबल्या तरी घोटाळा होत नाही.

जुळणीचा क्रम चुकवू नये. स्पेसबारसारख्या लांब कळांचे आधार प्रथम बसवावेत, कारण जाळी चढल्यावर ते बसत नाहीत. मग जाळी, मग कोपऱ्यांतले चार स्विच, मग बाकीचे. टोप्या शेवटी, आणि त्याही तपासणी झाल्यावरच.

तपासणीसाठी मी ‘महाविद्यालय’ लिहिले. पडद्यावर उमटले ‘महाविदयालय’! पुन्हा लिहिले, पुन्हा तेच. दोष माझ्याच घाईचा होता. हलन्ताच्या कळीचा स्विच दाबून बसवताना त्याची एक पिन वाकली होती. स्विच उपसला, चिमट्याने पिन सरळ केली, आणि जोडाक्षर जुळले.

मी इनस्क्रिप्ट मांडणी शिकते. १९९१ च्या भारतीय मानकात तिचा समावेश झाला. तिच्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने बहुतांशी उजव्या हाताला आहेत. ‘क’च्याच कळीवर शिफ्ट दाबली की ‘ख’, तिच्या लगेच वरच्या कळीवर ‘ग’, शिफ्टसह ‘घ’. म्हणजे वर्गातली ही चारही अक्षरे एका बोटाखाली! ‘त थ द ध’ पुढच्या बोटाखाली. आपला ‘ळ’ही ‘ल’च्याच कळीवर आहे. पाटीवरची ती रांग उच्चाराच्या शास्त्रावर उभी आहे, हे मला बोटांनी शिकवले. टाइपरायटरची रीत निराळी. तिथे कागदावर जसे दिसते तसे ठोकायचे. ‘कि’ची वेलांटी आधी व ‘क’ नंतर, आणि काही अक्षरे तर अर्धे अक्षर व काना जोडूनच बनतात.

हे सारे चालले असता बाबांनी विचारले, “काय करून रायली वं?” मी फलक पुढे केला. त्यांनी दोन शब्द ठोकले, उमटले भलतेच. “आपलं काम नाही हे,” म्हणून ते उठले. पंचवीस वर्षे वळलेली बोटे एका क्षणात निरुपयोगी ठरलेली मला पाहवली नाहीत.

तेव्हा लक्षात आले की कळफलक अक्षर पाठवतच नाही. तो फक्त कोणती कळ दाबली एवढेच कळवतो. तिचे अक्षर संगणक ठरवतो. मी संगणकावर टाइपरायटरची जुनी मांडणी निवडली व बाबांना परत बसवले. ‘मी, खाली सही करणार’ ही ओळ त्यांनी एका दमात लिहिली. टोप्यांवर मी चिकटवलेली अक्षरे वेगळीच होती, पण बाबा टोप्यांकडे पाहत कुठे होते!

माझा वेग सध्या २२ शब्दांचा आहे. संध्याकाळी फलक बाबांकडे असतो, म्हणून मी पहाटे सराव करते.